सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे वय वंदना कार्ड याच आठवड्यात काढा

दर्पण कॉलनी, थाटीपूर, मुरार आणि लष्करातल्या मराठी कुटुंबांना, तसेच ज्यांचे आईवडील ग्वाल्हेरात आहेत पण स्वतः पुणे, इंदूर, बंगळूर किंवा परदेशात आहेत अशा त्यांच्या मुलामुलींना,



विनंती एकच. घरात सत्तर वर्षे पूर्ण झालेले कोणी असेल तर त्यांचे ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ याच आठवड्यात काढून घ्या. का काढायचे, कुठे अडते आणि कोणी थोडे थांबून विचार करायचा, ते पुढे सांगतो.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. मध्य प्रदेशात तिला ‘निरामयम्’ हे नाव जोडलेले आहे. ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेच्या यादीवर उभी होती. त्या यादीत पेन्शनर आणि पक्क्या घरातली माणसे बहुतेक नव्हतीच, त्यामुळे आपल्या कॉलनीत ‘ते आपल्यासाठी नाही’ असे जे मत झाले ते तेव्हा बरोबर होते. २०२४ मध्ये नियम बदलला, मत मात्र तसेच राहिले. ११ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला योजनेत घेण्याचा निर्णय केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीला, अंमल सुरू झाला. उत्पन्नाची अट नाही. इन्कम टॅक्स भरणारे, दुमजली घर असणारे, दारात गाडी असणारे, सगळे पात्र. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार, तेही रोख न भरता. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार चालतो आणि पहिल्या दिवसापासून चालतो. खासगी पॉलिसीत जुन्या दुखण्यासाठी जी वर्षे थांबावे लागते, ती भानगड इथे नाही.

तरीही घरोघरी तेच उत्तर मिळते. ‘अहो, ते गरिबांचं कार्ड.’ नाहीतर ‘ईश्वरकृपेने ठणठणीत आहे, कशाला नसतं काही आणायचं?’ नाहीतर ‘मुलगा आहे ना पुण्याला.’ पहिल्या उत्तरात थोडा संकोच आहे आणि थोडा ताठा. एजी ऑफिसातून, पोस्टातून, शाळा-कॉलेजातून, बँकेतून मानाने निवृत्त झालेल्या माणसाला फुकटच्या खिडकीशी उभे राहणे जड जाते, हे कळते. पण हे फुकट कुठे आहे? आयुष्यभर कर भरलात, त्यातूनच ही योजना चालते. स्नानघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले तर खासगी रुग्णालयातल्या एका ऑपरेशनपायी कित्येक महिन्यांची पेन्शन जाते. दुसऱ्या उत्तराला युक्तिवाद नाही, फक्त इतकेच म्हणेन की कार्ड काढल्याने कोणी आजारी पडत नाही. तिसऱ्या उत्तराकडे पुढे येतो, कारण खरी अडचण त्या पुण्याच्या मुलाच्या मोबाइलमध्येच लपलेली असते.

घाई का? कार्ड रुग्णालयात भरती होतानाही काढता येते, मग आत्ताच कशाला, असे कोणी विचारील. नियमाने काढता येते, हे खरे. पण ती वेळ कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात रात्री दोनला छातीत कळ येते. शेजारी १०८ ला फोन करतात. रुग्णालयाच्या खिडकीवर आधार मागतात. आधार कपाटात, कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला आणि काकू रुग्णाजवळ. आधार सापडले तर ओटीपी हवा. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर दहा वर्षांपूर्वीचा, मुलाने शिकत असताना घेतलेला आणि केव्हाच बंद झालेला. अंगठा लावावा तर वयाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, वरून सलाइन लावलेला हात. त्या घाईत डॉक्टर, कंपाउंडर, शेजारी सगळेच म्हणतात, ‘आत्ता पैसे भरा, मग बघू.’ आणि इथेच फसगत होते, कारण या योजनेत आधी पैसे भरून नंतर बिल दाखवून परत मागण्याची सोय नाही. योजनेतल्या रुग्णालयात, योजनेच्या खात्यावर, भरती होतानाच नोंद झाली तरच उपचार रोखीशिवाय होतात.

म्हणून ज्या दिवशी घरात सगळे धडधाकट आहेत, त्या दिवशी हे काम करायचे.

काम सोपे आहे, फक्त आधार नीट असले पाहिजे. वय ठरते ते आधारावरच्या जन्मतारखेवरून, आपल्या पत्रिकेवरून नव्हे. आपल्या घरांतल्या वयस्कर बायकांची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. माहेरी सुशीला, सासरी येऊन मीनाक्षी, पेन्शनच्या कागदावर एक नाव, बँकेत दुसरे, राज्याच्या ‘समग्र’ नोंदणीत तिसरे, जन्मतारीख म्हणजे शाळेत घालताना वडिलांनी अंदाजाने सांगितलेली, किंवा शाळाच नसेल तर आधार काढणाऱ्या मुलाने चेहरा बघून टाकलेली. खऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या आजी आधारावर अडुसष्टच्या असतात आणि सगळे तिथेच थांबते. तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाचे आधार बाहेर काढा आणि तीन गोष्टी वाचा: जन्मतारीख, नावाचे स्पेलिंग, आणि त्याला जोडलेला मोबाइल चालू आहे की नाही. मोबाइल बंद असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवा जोडून घ्या, आणि तो शक्यतो ग्वाल्हेरात, आजोबांच्या स्वतःच्या खिशात राहणारा असू द्या. जन्मतारीख चुकली असेल तर दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट असा मान्य पुरावा घेऊन जा. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईघाईत अजून एक चूक करून येऊ नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी शुल्क घेऊन घरी येण्याची सोय आधारवाल्यांकडे आहे, चौकशी करा.

आधार नीट असले की पुढचे काम अर्ध्या तासाचे. स्मार्टफोनवर ‘आयुष्मान’ ॲप घ्या, सत्तरवर्षीयांसाठीचा पर्याय निवडा, आधार क्रमांक टाका, ई-केवायसी करा. ओटीपी, बोटाचा ठसा, डोळ्याची बुबुळे आणि चेहरा असे चार मार्ग आहेत. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांच्यासाठी चेहऱ्याचा मार्ग वरदान आहे. उजेडात बसवा, चष्मा काढा, पापणी लवायला सांगा. ॲप जमत नसेल तर जवळचे सीएससी किंवा एमपी ऑनलाइनचे कियोस्क, नगर निगमचे वार्ड कार्यालय, नाहीतर योजनेतल्या रुग्णालयात कार्डाचे काम बघणारे कर्मचारी, म्हणजे आयुष्मान मित्र. आशाताईंना विचाराल तर शिबिर कधी आहे तेही कळेल. कागद म्हणून आधार पुरते, तरी आपल्या राज्यात समग्र आयडीवाचून कुठलीच खिडकी हलत नाही असा अनुभव सगळ्यांनाच आहे, तेव्हा तोही जवळ ठेवा. वर्षात केव्हाही नोंदणी होते, शेवटची तारीख नाही. शेवटची तारीख नसलेली कामेच आपल्याकडे सर्वांत जास्त राहतात, हे मात्र खरे.

आणि एक. ज्यांच्याकडे आधीचे आयुष्मान कार्ड आहे त्यांनीही सत्तरीनंतर हे वेगळे कार्ड नव्याने ई-केवायसी करून काढायचे आहे. जुन्या कार्डावर सगळ्या कुटुंबाचे मिळून पाच लाख असतात. सत्तरीवरच्यांना त्याशिवाय वेगळे पाच लाख मिळतात आणि त्यात धाकट्यांचा वाटा नसतो. ज्यांचे कुटुंब आधी योजनेत नव्हते, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांच्या घरी नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असले तर दोघांत मिळून पाच लाख. कार्ड मात्र दोघांचे वेगवेगळे. बाईंचे ‘नंतर बघू’ म्हणून मागे टाकू नका. आपल्या घरांत ते हमखास होते. आजोबांचे कार्ड लॅमिनेट होऊन पाकिटात, आजींचे आधारही कुठे आहे माहीत नाही.

आता आजोबा चौऱ्याहत्तर आणि आजी अडुसष्ट असतील तर? आजींना हे कार्ड मिळत नाही. आजोबांच्या कार्डावर त्यांचा उपचार होत नाही. ही या योजनेतली मोठी उणीव आहे असे मला वाटते. साठीपासून सत्तरीपर्यंतची दहा वर्षेच अशी असतात की आजार सुरू झालेले असतात आणि नोकरीची सोय संपलेली असते. या मधल्या वयासाठी खासगी विम्याकडे बघावे लागते. तिथे काही गोष्टी सुधारल्या आहेत. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतर नवी पॉलिसी न देण्याची मर्यादा काढली, जुन्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाला विचारावे लागते, हे जानेवारी २०२५ मध्ये ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटीही गेला. हप्ते तरीही जड आहेत, ते काही मी लपवत नाही. पण जुनी पॉलिसी चालू असेल आणि झेपत असेल तर बंद करू नका. खासगी पॉलिसी असली तरी सत्तरीनंतर वय वंदना कार्ड मिळते; दोन्ही ठेवता येतात.

इथे थोडे थांबून विचार करायचा आहे तो केंद्र सरकारच्या आणि लष्करी निवृत्तांनी. सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा निमलष्करी दलांची आयुष्मान सीएपीएफ यांपैकी काही असेल तर दोन्ही मिळत नाहीत; आपले आहे ते ठेवायचे की इकडे यायचे, हे निवडावे लागते. शेजाऱ्याने काढले म्हणून काढले, असे करू नका. माझे मत स्पष्ट आहे: सीजीएचएस किंवा ईसीएचएस व्यवस्थित चालू असेल तर सोडू नका. तिथे ओपीडी आहे, रोजची औषधे आहेत. वय वंदनामध्ये भरती झाल्याशिवाय काही नाही. बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या ज्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, त्यांचा खर्च हे कार्ड उचलत नाही. दुसरीकडे असेही काही निवृत्त आहेत ज्यांनी सीजीएचएस कार्ड कधी घेतलेच नाही आणि महिना हजार रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेतात. त्या भत्त्याला काही जण विमा समजतात. हजार रुपयांत गोळ्या येतात, बायपास होत नाही. त्यांनी आपल्या पेन्शनच्या कागदांवर नेमके काय लिहिले आहे ते वाचून, जुन्या कार्यालयातल्या कल्याण अधिकाऱ्याला विचारून ठरवावे.

मालनपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांसाठी एक विसरलेली सोय सांगून ठेवतो. किमान पाच वर्षे ईएसआयचे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. ईएसआय असूनही सत्तरीनंतर वय वंदना घेता येते. हे शंभरातल्या दहा जणांना तरी माहीत असेल का, मला शंका आहे.

कार्ड हातात आले म्हणजे काम संपले असे नाही. कोणते रुग्णालय योजनेत आहे ते आधी बघून ठेवा. भरतीची सोय असलेली सरकारी रुग्णालये योजनेत असतात. म्हणजे आपल्याला मुरारचे जिल्हा रुग्णालय जवळचे आणि मोठ्या आजारासाठी लष्करातले जयारोग्य रुग्णालय, ज्याच्याशी १९४६ पासूनचे गजराराजा मेडिकल कॉलेज जोडलेले आहे. खासगी रुग्णालये योजनेत येतात आणि जातातही. शिवाय एखादे रुग्णालय हृदयविकारासाठी योजनेत असते पण हाडांसाठी नसते. तेव्हा फाटकावरचा ‘आयुष्मान’ बोर्ड बघून समाधान मानू नका. ॲपमध्ये रुग्णालयांची यादी आजाराच्या विभागांसह आहे. कॉलनीच्या जवळची दोन-तीन नावे काढा, स्वतः एकदा जाऊन आयुष्मान मित्राचे टेबल कुठे आहे ते बघून या. मोतीबिंदू, गुडघेबदल अशा काही शस्त्रक्रिया राज्ये सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवतात. खासगीत तारीख घेण्याआधी विचारा.

भरती झाल्यावर खाट, डॉक्टर, तपासण्या, औषधे, स्टेंट किंवा इम्प्लांट, जेवण हे सगळे पॅकेजात येते. भरतीआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस, यांतला संबंधित खर्चही त्यातच. डायलिसिस आणि केमोथेरपीसारखे रात्र न काढता होणारे उपचारही बसतात. तेव्हा ‘कार्डात एवढंच येतं, वरचे चाळीस हजार द्या’ असे कोणी म्हणाले तर वाद घालत बसू नका; लेखी मागा, पावती मागा, आणि तिथल्या तिथे १४५५५ वर फोन करा. आपल्या राज्यात सीएम हेल्पलाइन १८१ आहेच. नातेवाईक घाबरलेले असतात, रुग्ण आत असतो, म्हणून बहुतेक जण गप्प बसून पैसे देतात. मुकाट्याने दिलेला पैसा पुढच्या रुग्णाकडूनही मागितला जातो.

कार्डासाठी कोणालाही पैसे द्यायचे नाहीत. नोंदणी निःशुल्क आहे. ‘आयुष्मान विम्याचा एजंट बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. या योजनेला एजंट नसतात. ओटीपी फक्त समोर बसून तुमचे काम करणाऱ्या माणसाच्या पडद्यावर टाकायचा, तोही मेसेज वाचून. दारावर येऊन फोटो आणि अंगठा घेणाऱ्याला ओळखपत्र विचारायला लाजू नका.

मुलांकडे हिवाळा काढायला पुण्याला, नागपूरला जाणाऱ्यांनी कार्ड बरोबर न्यावे. देशात योजना लागू असलेल्या कोणत्याही राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयात ते चालते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना याच योजनेशी जोडून चालते, आणि १ जुलै २०२४ पासून तिथल्या सगळ्या रहिवाशांना पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण तुम्ही तिथले रहिवासी नाही, तेव्हा तुमचे वय वंदना कार्डच उपयोगी. गंभीर अवस्थेत रुग्णाला दुसऱ्या शहरात न्यावे लागले तर मध्य प्रदेशची पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स सेवा आयुष्मान कार्डधारकांना निःशुल्क आहे, प्रशासनाच्या मंजुरीने. ती मंजुरी मिळवायला जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या (सीएमएचओ) कार्यालयात कोणीतरी धावावे लागेल, हेही लक्षात असू द्या.

तर आता ते पुण्याचे मुलगे आणि बंगळूरच्या मुली. तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. आईला दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता, औषधे ऑनलाइन पाठवता, हे चांगलेच. पण आईच्या आधारला तुमचा नंबर जोडलेला असेल तर रात्री दोनला ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो आणि तुमचा फोन सायलेंटवर असतो. पुढच्या खेपेला याल तेव्हा एक सकाळ आधार केंद्रासाठी ठेवा. येणे लांब असेल तर शेजारच्या विश्वासू माणसाला सांगा, त्याचा नंबर आईच्या फोनमध्ये पहिल्या जागी ठेवा.

आणि कॉलनीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनो, गणपतीत वर्गणीला घरोघर फिरता, कोणाच्या घरी कोण आजी-आजोबा एकटे आहेत हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नाही. प्रत्येकाने आपल्या गल्लीतली दोन घरे घ्या. ॲप तुमच्या फोनवर पाच मिनिटांत उतरते. आजींना उजेडात बसवायचे, चेहरा दाखवायचा, कार्ड उतरवून त्यांच्या व्हॉट्सॲपवर आणि एक छापील प्रत त्यांच्या हातात. ओटीपी, आधारची छायाचित्रे आपल्या फोनमध्ये ठेवू नका, काम झाले की त्यांच्यासमोरच पुसून टाका. ज्यांना काही जमले नाही, ज्यांची जन्मतारीख अडली, त्यांची नावे कागदावर लिहून ठेवा, म्हणजे वार्ड कार्यालयात शिबिर मागायला जाताना हातात यादी असेल.

कार्डाची छापील प्रत, आधारची प्रत, चालू औषधांची यादी आणि जवळच्या दोन रुग्णालयांची नावे एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगा, आणि शेजाऱ्यांना ती दाखवून ठेवा. त्या पिशवीवर हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: आयुष्मान १४५५५, सत्तरीवरच्यांसाठी मिस्ड कॉल १८००११०७७०, रुग्णवाहिका १०८, सीएम हेल्पलाइन १८१, ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७.